दीड झाड

इथे लाल म्हणजे निरोगी.
हे अंगवळणी पडायला मला एक हिवाळा लागला.
डोळ्यांना न दिसणारा उजेड पानं परत फेकतात,
यंत्र त्याला लाल रंग देतं,
आणि मी ॲबरिस्टविथच्या टेकडीवर, तिसऱ्या मजल्यावर,
हीटरला गुडघे टेकवून
सबाहमधल्या पामच्या मळ्याची नाडी बघते.

एक चौकोन दहा मीटरचा.
त्यात बसतं दीड झाड.
उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं
ते कुणी सांगितलेलं नाही.
शेजारच्या चौकोनाशी वाटून घ्यायचं, भांडण नको.

ढग असतात. बहुतेक वेळा ढगच असतात,
खिडकीबाहेर वेल्सचे, पडद्यावर बोर्निओचे,
दोघांचं उत्तर एकच : उद्या बघू.
मग रडार. ते ढगांतून आरपार जातं
पण त्याला रंग कळत नाहीत,
नुसता खडबडीतपणा कळतो,
अंधारात कुणाचा चेहरा चाचपावा तसा.

रोग बुंध्याशी सुरू होतो.
एक अळंबी आतलं लाकूड खात बसते
आणि वर झाड हिरवंगार, फळांचे घड वेळच्या वेळी.
वरून कीर्तन, आतून तमाशा.
शेंड्याला बातमी कळेपर्यंत
निम्मं खोड गेलेलं असतं.
मग कोवळे भाले उघडेनासे होतात,
जुन्या झावळ्या बुंध्याभोवती लोंबतात
नाडी सुटलेल्या परकरासारख्या.
पुस्तकात स्कर्ट म्हटलंय. परकर माझा.

म्हणून जुमादी.
मी ठिपके पाठवते, तो ठिपक्यापर्यंत चालत जातो,
खोडावर काठी मारतो, कान देतो,
शेवटच्या रकान्यात दोन-चार शब्द लिहितो.
त्याची मलाय यंत्र अडखळत इंग्रजीत आणतं,
तिथून पुढे मराठीत मी आणते.
४१७ : पोकळ वाजतं.
४२० : ठीक. मुंग्या फार.
४३३ : साप होता. लांबून पाहिलं. लांबून बरं वाटलं.

६०२ला मी निरोगी म्हटलं होतं.
लालभडक, त्या ओळीत सगळ्यात लाल.
त्याने लिहिलं :
झाड मेलं त्याला सहा महिने झाले.
तुम्हाला दिसतात ते नेचे.
नेचे छान आहेत.

मी मोठ्याने हसले. ग्वेनलियनला दाखवलं,
तीही हसली, बिस्किटांचा पुडा पुढे केला.
पुड्यामागची बारीक अक्षरं वाचायची
आता सवयच झाली आहे :
पामतेल, तिसऱ्या क्रमांकावर.
खाल्लं. दोन खाल्ली.

फेब्रुवारीपासून शेवटचा रकाना असा येतो :
होय. नाही. होय. होय. नाही.
एकही चूक नाही. मुंग्या नाहीत, साप नाही.
मी विचारलं, जुमादी कुठे?
तीन दिवसांनी उत्तर आलं :
कंत्राट संपलं, नवा माणूस दिवसाला चाळीस झाडं जास्त करतो.
सोबत आलेख.

संध्याकाळी धक्क्यावर गेले.
भोरड्यांच्या नात्यातले ते पक्षी
हजारोंनी येऊन समुद्रावर वळसे घेत होते,
एक बाई फोन उंच धरून म्हणाली, किती असतील?
कुणी मोजलं नाही. मीसुद्धा.

परत येऊन जुनी चित्रं काढली.
तो ६०२पाशी उभा होता तो दिवस,
ती सकाळ, योगायोगाने निरभ्र.
चौकोन मोठा केला, आणखी मोठा,
शेवटी पडदाभर एकच लाल.
दहा मीटरमध्ये माणूस मावतो.
त्याच्या अंगावरून परतलेला उजेड
झाडाच्या खात्यावर जमा होतो, इतकंच.
इथे तर झाडही नव्हतं.

अहवालात ६०२ मृत.
शेवटच्या रकान्यात, जो वर कुणी उघडत नाही,
मी त्याचे शब्द पुसले नाहीत.
नेचे छान आहेत.